घर बघायला निघण्याआधी: हप्त्याचा सराव, भिंतींची तपासणी आणि सहीपर्यंतचा क्रम

घर घेताना होणाऱ्या बहुतेक चुका क्रमाच्या असतात. आधी घर आवडते, मग त्याला पुरेल एवढे कर्ज शोधले जाते, घाईघाईने विसार दिला जातो आणि ओल, भेगा, कागदपत्रे यांची चौकशी पैसे अडकल्यानंतर सुरू होते. तोवर मागे फिरणे इतके महाग झालेले असते की समोर दिसणाऱ्या दोषांकडेही डोळेझाक होते. म्हणून आधी स्वतःचा हिशेब, मग घराची तपासणी, मग कागद आणि सर्वांत शेवटी पैसे, हा क्रम मोडू नका. या सगळ्यासाठी सहा महिने ते वर्षभराचा अवधी हाताशी ठेवा. घाई झाली की सर्वांत आधी तपासणीच गाळली जाते.

हप्त्याचा सराव

बँक किती कर्ज देईल हा एक आकडा आणि तुम्हाला किती झेपेल हा दुसरा. दुसरा आकडा कागदावर काढता येत नाही, तो जगून बघावा लागतो. त्यासाठी सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे कर्ज घेण्याआधी सहा महिने त्याचा हप्ता स्वतःलाच भरणे.

समजा हातात येणारे मासिक उत्पन्न १०० आहे, होऊ घातलेला हप्ता ३५ आहे आणि सध्याचे भाडे २०. फरक झाला १५. नव्या घराचा देखभाल खर्च, मालमत्ता कर आणि विमा यांचा महिन्याचा वाटा साधारण ५ धरा. म्हणजे पगार जमा झाला त्याच दिवशी २० वेगळ्या खात्यात टाकायचे आणि उरलेल्या पैशांत महिना काढायचा. महिनाअखेरीला जे उरेल ते टाकू, असे म्हणालात तर सराव फुकट गेला, कारण बँक हप्ता महिनाअखेरीला उरलेल्या पैशांतून घेत नाही. सहा महिन्यांत एकदा जरी त्या खात्यातून पैसे काढावे लागले, तर कर्जाचा आकडा खाली आणा. नाही काढावे लागले, तर त्याच खात्यात डाउन पेमेंटची भरही पडलेली असेल.

सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर जाऊ देऊ नका. एक तृतीयांशाच्या आत राहिले तर श्वास घ्यायला जागा राहते. घरात दोघे कमावते असतील तर आणखी एक प्रश्न विचारा: एकाची नोकरी सहा महिने नसली तर दुसऱ्याच्या पगारात हप्ता आणि किराणा दोन्ही निघतील का? निघत नसतील तर मुदत किंवा घर, दोन्हींपैकी काहीतरी बदलायला हवे.

कर्ज आतून कसे चालते

हप्ता वर्षानुवर्षे तोच राहतो, पण त्यातले व्याज आणि मुद्दल यांचे प्रमाण दर महिन्याला बदलते. एक लाखाचे कर्ज, ९ टक्के दर आणि २० वर्षांची मुदत धरली तर हप्ता साधारण ९०० बसतो. पहिल्या महिन्याचे व्याज ७५० होते, म्हणजे मुद्दलात जातात जेमतेम १५०. पाच वर्षांनी, जवळपास ५४ हजार भरून झाल्यावरही सुमारे ८८,७०० मुद्दल शिल्लक असते. मुदत अर्धी सरली तरी ७१ हजार बाकी असतात. चार-पाच वर्षांत घर विकून पुढे जायचा विचार असेल तर हे आकडे फार महत्त्वाचे आहेत. घराची किंमत वाढली नाही, तर खरेदीचा आणि विक्रीचा खर्च धरून हातात काहीच उरत नाही.

मुदतीचा परिणाम याहून मोठा आहे. याच कर्जावर १५ वर्षांत एकूण व्याज सुमारे ८२,६०० जाते, २० वर्षांत १ लाख १६ हजार आणि ३० वर्षांत १ लाख ९० हजार. ३० वर्षांचा हप्ता ८०५ आणि २० वर्षांचा ९००. महिन्याला पंच्याण्णव वाचवण्यासाठी ७४ हजार जास्तीचे व्याज मोजावे लागते.

दर बदलता असेल तर आणखी एक गोष्ट आधीच तपासून घ्या. कर्जाच्या सुरुवातीलाच दर ९ वरून १० झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २० वर्षांची मुदत २६ वर्षांवर जाते. दर ११ झाला तर पहिल्याच महिन्याचे व्याज ९१७ होते, म्हणजे ९०० च्या हप्त्यात व्याजसुद्धा भागत नाही आणि मुद्दल फिटण्याऐवजी वाढू लागते. म्हणून कर्जाची तुलना करताना आजच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त धरून हप्ता काढा आणि हप्त्याचा सराव त्या आकड्यानेच करा.

कर्ज देणाऱ्याकडून चार उत्तरे लेखी घ्या. दर कशाशी जोडलेला आहे आणि किती महिन्यांनी बदलतो? दर वाढल्यावर हप्ता वाढणार की मुदत, आणि ते कोण ठरवणार? मुदतीआधी पैसे भरले तर दंड किती? कर्ज नामंजूर झाले तर प्रक्रिया शुल्क परत मिळते का? कर्जासोबत विमा गळ्यात मारला जात असेल तर त्याचा हप्ता मुद्दलात मिसळलेला नाही ना, हेही पाहा. मिसळला असेल तर त्या विम्यावरही वीस वर्षे व्याज भरत राहाल.

दंड नसेल तर दरवर्षी एक जादा हप्ता मुद्दलात भरण्याची सवय लावा. वरच्या उदाहरणात एवढ्यानेच २० वर्षांचे कर्ज सुमारे साडेसोळा वर्षांत फिटते. जादा भरताना "मुदत कमी करा, हप्ता नको" असे लेखी कळवा. नाहीतर काही बँका हप्ता कमी करतात आणि व्याजाची खरी बचत निसटते.

स्वतःचा पतअहवाल अर्ज करण्याच्या सहा महिने आधी काढा. फेडून झालेले कर्ज अजून चालू दिसणे, दुसऱ्याच कुणाचे कर्ज नावावर लागणे, कधीकाळी जामीन राहिलेली खाती, या चुका सापडतात आणि दुरुस्त व्हायला वेळ लागतो. क्रेडिट कार्डाचा वापर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा. कर्ज मंजुरीपासून ते हातात पडेपर्यंतच्या काळात गाडी, फोन, फर्निचर, काहीही हप्त्यावर घेऊ नका. पैसे देण्याआधी बँक पुन्हा एकदा अहवाल काढू शकते.

रोख किती हवी

डाउन पेमेंटच्या पलीकडे चार वेगवेगळे गट्ठे लागतात: सरकारी शुल्क-नोंदणी-वकील यांचा खर्च, स्थलांतर आणि पहिल्या दुरुस्त्या, सहा महिन्यांचा घरखर्च नव्या हप्त्यासकट, आणि मूल्यांकनातली तूट. शेवटचा गट्ठा बहुतेकांच्या हिशेबात नसतो. बँक कर्ज देते ते स्वतः केलेल्या मूल्यांकनावर, विक्रेत्याने मागितलेल्या किमतीवर नाही. किंमत १०० ठरली, बँकेने मूल्य ९२ धरले आणि ८० टक्के कर्ज दिले, तर हातात येतात ७३.६. खिशातून २० ऐवजी २६.४ घालावे लागतात. ही तूट भरायला आपत्कालीन निधी मोडला जातो आणि नेमका तेव्हाच गीझर जातो किंवा नोकरी.

देखभालीसाठी दरवर्षी घराच्या किमतीच्या एक टक्का बाजूला ठेवावा, असा ढोबळ नियम आहे. जमिनीचाच भाव जास्त असलेल्या जागी तो फार मोठा आकडा दाखवतो, जुन्या बैठ्या घराला तो अपुरा पडतो. छप्पर, जिना, गटार हे सगळे एकट्याचे असेल तर दोन टक्के धरा.

क्षेत्रफळ टेपने मोजा

जाहिरातीतले क्षेत्रफळ नेमके कशाचे आहे ते विचारा: आतली वापरायची जागा, भिंतींसकट, की जिना-लिफ्टचा वाटा धरून? दोन घरांची तुलना फक्त आतल्या, भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या जागेवर करा. ३.६ बाय ३ मीटरची खोली म्हणजे १०.८ चौरस मीटर, म्हणजेच सुमारे ११६ चौरस फूट (एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट). सगळ्या खोल्यांची बेरीज करा आणि किमतीला तिने भागा. स्वस्त वाटलेले घर या भागाकारात अनेकदा महाग निघते. त्याच टेपने जिन्याचे वळण, लिफ्टची खोली आणि दारांची रुंदी मोजा. कपाट आत जाईल का, हे आत्ताच कळायला हवे.

तपासणी: दीड तास, दिवसाउजेडी

सोबत विजेरी, पाच मीटरची टेप, एक गोटी, फोनचा चार्जर, सॉकेट टेस्टर आणि बादली घ्या. घर मोठे किंवा जुने असेल तर व्यवहार ठरण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला पैसे देऊन आणाच. पण कुठल्या घरासाठी इंजिनिअर आणायचा आणि कुठले तिथेच सोडून द्यायचे, हे पुढच्या तपासण्यांवरून ठरते.

ओल आधी बघा, कारण ती लपवणे सर्वांत सोपे. एकाच भिंतीला ताजा रंग, एकाच कोपऱ्यात नवे वॉलपेपर किंवा पॅनेल, भिंतीला चिकटवून ठेवलेले जड कपाट, हे दिसले की थांबा. विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडा. फुगलेला रंग आणि पोपडे समोरच्या उजेडात दिसत नाहीत, आडव्या उजेडात त्यांची सावली पडते.

ओल कुठून येते यावर दुरुस्तीचा खर्च ठरतो. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत सलग पट्टा, वरच्या कडेला पांढरा खार, म्हणजे ओल पायातून चढते आहे. हे काम मोठे आहे, नुसत्या रंगाने भागत नाही. पाऊस झाला की वाढणारा आणि उन्हात आक्रसणारा डाग बाहेरच्या भिंतीतून किंवा छतातून येतो. बाराही महिने सारखाच ओला राहणारा डाग नळाचा किंवा वरच्या न्हाणीघराचा. आणि थंड बाहेरच्या भिंतीवर, कपाटामागे, खोलीच्या कोपऱ्यात काळी बुरशी असेल तर बहुधा हवेतली वाफ तिथे साचते. ती हवा खेळती ठेवून आटोक्यात येते. शेवटचे दोन प्रकार ओळखता येत नसतील आणि विक्रेता तयार असेल तर डागावर फूटभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारी कडांनी घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर हवेतली वाफ, भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीच्या आतून येते आहे.

भेगा बघून घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने विटांच्या भिंतींतील भेगांचे रुंदीनुसार केलेले वर्गीकरण अंदाजाला उपयोगी पडते: १ मिलिमीटरपर्यंत अगदी किरकोळ, ५ पर्यंत किरकोळ, ५ ते १५ मध्यम, १५ ते २५ गंभीर. पण रुंदीइतकीच दिशाही बोलकी असते. गिलाव्यावर जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या रेषा गिलावा सुकताना पडतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी उतरणारी, एका टोकाला रुंद होत जाणारी भेग मात्र पाया खचल्याची खूण असू शकते. मग आजूबाजूला पुरावे शोधा: दारे चौकटीत घासतात का, गोटी जमिनीवर आपोआप एकाच दिशेने धावते का, भेगेच्या दुसऱ्या बाजूला बाहेरून तीच रेषा आहे का. दोन खुणा एकत्र दिसल्या तर इंजिनिअरच्या लेखी मताशिवाय पुढे जाऊ नका.

काँक्रीटच्या इमारतीत बीम, कॉलम आणि स्लॅबचा खालचा भाग पाहा, विशेषतः न्हाणीघराखाली, बाल्कनीत, गच्चीखाली आणि वाहनतळात. सळईच्या रेषेत सरळ गेलेली भेग आणि तांबूस डाग म्हणजे आत गंज धरला आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडून बाहेर काढतो. तिथे बोटाच्या पेराने किंवा किल्लीच्या मुठीने ठोका. पोकळ आवाज आला तर वरचा थर सुटलेला आहे. हे दुखणे एका फ्लॅटचे नसते, सगळ्या इमारतीचे असते, आणि त्याचा खर्च सगळ्यांत वाटला जातो. तुमचा फ्लॅट कितीही नव्याने सजवलेला असला तरी त्यातून सुटका नाही.

पाणी नुसते येते का एवढेच पाहू नका, किती येते ते मोजा. स्वयंपाकघरातला नळ चालू ठेवा आणि न्हाणीघरात दहा लिटरची बादली भरा. सुमारे शंभर सेकंदांत भरली तर मिनिटाला सहा लिटर झाले, शॉवरला एवढे पुरते. त्याहून फार वेळ लागला तर पाइप आतून गंजून अरुंद झाला असेल, टाकी पुरेशी उंच नसेल किंवा एखादा व्हॉल्व्ह अर्धवट बंद असेल. गरम पाण्याचा नळ वेगळा तपासा. मग एक मग पाणी न्हाणीघराच्या दारापाशी ओता. ते ट्रॅपकडे, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीकडे, जायला हवे, दाराकडे आले तर उतार चुकला आहे आणि लादी उखडल्याशिवाय तो सुधारत नाही. सगळे फ्लश एकामागोमाग ओढा. दुसरीकडच्या ट्रॅपमधून गुडगुड आवाज आला तर हवेचा पाइप तुंबला आहे किंवा बसवलेलाच नाही.

विजेच्या बोर्डावर गळतीरोधक स्विच, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का ते बघा. त्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेले असावे. विक्रेत्याला सांगून त्याचे चाचणीचे बटण दाबा. वीज त्याच क्षणी गेली नाही तर तो स्विच निकामी आहे. असा स्विच नसलाच तर वायरिंग जुने असण्याची शक्यता धरून चाला. सॉकेट टेस्टर प्रत्येक खोलीतल्या निदान एका सॉकेटमध्ये लावा, कारण तीन भोके दिसली तरी अर्थिंग जोडलेले असेलच असे नाही. काळपट किंवा कोमट सॉकेट, एकाच प्लगवर लटकलेली एक्स्टेन्शनची रांग, या खुणा लिहून ठेवा. पूर्ण घराचे वायरिंग बदलायला भिंती खोदाव्या लागतात, त्यामुळे हा खर्च रंगाच्या आधीच धरायचा असतो.

तपासणीतले सगळे दोष तीन रकान्यांत लिहा: घर सोडून द्यावे असे, किमतीतून वजा करावे असे आणि नंतर सवडीने करायचे. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक कामाचा कारागिराकडून अंदाज मागवा. भाव करताना "जरा कमी करा" याला वजन नसते, लेखी अंदाजाला असते.

परिसर

किमान तीनदा जा: कामाच्या दिवशी सकाळी गर्दीच्या वेळी, रात्री दहानंतर आणि जमले तर भर पावसात. आत, दार बंद करून, फोनची रेंज बघा. खिडकीसमोर मोकळी जागा असेल तर तिथे काय बांधायला परवानगी आहे ते स्थानिक विकास आराखड्यात पाहा. आजचा उजेड आणि वारा दोन वर्षांनी राहीलच असे नाही. वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना फक्त दोन गोष्टी विचारा, गळती आणि पाणी. बाकी सगळे ते आपणहून सांगतात.

कागद

स्वतःचा वकील नेमा. विक्रेत्याचा नको, दलालाने सुचवलेलाही नको. त्याने चार गोष्टी लेखी द्यायच्या: मालकी कुणाकुणाची आहे आणि साखळी कुठे तुटते का, घरावर कर्ज, जप्ती किंवा खटल्याचा बोजा आहे का, मंजूर आराखडा आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळते का, कर आणि देखभालीची थकबाकी किती. वारसाहक्काने आलेल्या घरात सर्व वारसांच्या सह्या लागतात. एक परदेशात असेल किंवा दोघांत अबोला असेल तर व्यवहार तिथेच महिनोन्‌महिने अडतो, म्हणून हे सुरुवातीलाच विचारा. बंद केलेली बाल्कनी किंवा वाढवलेली खोली आराखड्यात नसेल तर बँक तेवढे क्षेत्र मूल्यांकनात धरत नाही आणि ते पाडायची वेळ आली तर खर्च तुमचा.

इमारतीतले घर असेल तर मागच्या तीन वार्षिक सभांची इतिवृत्ते आणि ताळेबंद मागा. लिफ्ट, छप्पर, रंगकाम अशा मोठ्या कामांची चर्चा झाली असेल आणि दुरुस्ती निधी रिकामा असेल, तर त्या कामांची वर्गणी तुम्ही राहायला गेल्यावर निघणार आहे. ती किमतीत आधीच धरा.

प्रस्ताव आणि पैसे

विसार देण्याआधी लेखी करारात तीन अटी हव्यात: कर्ज मंजूर झाले नाही, तांत्रिक तपासणीत गंभीर दोष निघाला किंवा मालकी निर्वेध नसली तर विसार पूर्ण परत, आणि तो किती दिवसांत. या अटी तोंडी मान्य करणारा विक्रेता लिहून द्यायला कचरत असेल तर विसार देऊ नका. रक्कम लहान ठेवा आणि ती बँकेतूनच द्या. पंखे, गीझर, स्वयंपाकघरातली कपाटे यांपैकी काय घरासोबत राहणार त्याची यादी कराराला जोडा. यावरून शेवटच्या दिवशी वाद होतात.

मोठी रक्कम पाठवायच्या आधी एक काळजी जरूर घ्या. व्यवहाराच्या ऐन शेवटी "खाते क्रमांक बदलला आहे" असा ईमेल येतो, वकिलाच्या किंवा विक्रेत्याच्या खऱ्या पत्त्यासारख्याच दिसणाऱ्या पत्त्यावरून. त्या ईमेलमधल्या नंबरवर फोन करू नका. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून आकडे तोंडी ताडून बघा, आधी अगदी छोटी रक्कम पाठवा आणि ती पोचल्याची खात्री करूनच उरलेली पाठवा.

ताबा घ्यायच्या दिवशी, अंतिम सहीच्या काही तास आधी, रिकामे घर पुन्हा एकदा फिरून बघा. कपाट हलवल्यावर मागची ओल दिसते, गालिचा उचलल्यावर फुटकी लादी. यादीतल्या वस्तू जागच्या जागी आहेत का ते तपासा. वीज, पाणी आणि गॅसच्या मीटरचे आकडे विक्रेत्याच्या समक्ष फोटोसह टिपून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह आणि विजेचा मुख्य स्विच कुठे आहे ते त्याच्याकडूनच समजून घ्या आणि त्याच संध्याकाळी सगळ्या बाहेरच्या दारांची कुलपे बदला. जुन्या किल्ल्या किती जणांकडे आहेत हे विक्रेत्यालाही नक्की माहीत नसते.